हात, पोट आणि तोंड

एका इंग्रजाच्या जुन्या कादंबरीवर आपल्या अंकाची पानं कशाला खर्ची घालायची, असं काही दोस्त विचारतील. विचारायलाच पाहिजे. शाई आपल्या खिशातली, स्टेन्सिल रात्र जागून आपणच कापलेली, कागद उधारीवर आणलेला. त्यावर उतरणारी ओळ न् ओळ कामाची असली पाहिजे. म्हणून पहिल्यांदाच सांगून टाकतो. मी चार्ल्स डिकन्सची आरती ओवाळायला बसलेलो नाही. आरत्या ओवाळणारे विद्यापीठात पुष्कळ आहेत, त्यांना त्याचा पगार मिळतो. मी गिरणीतला माणूस. मला या बुवाच्या गद्यात एक हत्यार दिसलं. ते कसं चालतं, कुठं बोथट होतं आणि आपल्या हातात आल्यावर त्याचं काय करायचं, एवढंच बोलायचं आहे.

कादंबरीचं नाव 'हार्ड टाइम्स'. १ एप्रिल ते १२ ऑगस्ट १८५४ या काळात ती डिकन्सच्याच 'हाउसहोल्ड वर्ड्स' या साप्ताहिकात दर आठवड्याला थोडी थोडी छापून आली. म्हंजे अंकातली जागा मापून केलेलं लेखन. डिकन्सच्या बाकीच्या बऱ्याच कादंबऱ्या विटेएवढ्या जाड. ही त्या मानानं बारकी. हिचे तीन भाग आहेत आणि त्यांना नावं दिलीत शेतातली : पेरणी, कापणी, साठवण. गोष्ट मात्र कापडगिरण्यांच्या गावाची. गावाचं नाव कोकटाऊन. नकाशावर ते सापडणार नाही, पण लँकेशायरमधल्या कुठल्याही गिरणगावाला ते नाव शोभलं असतं. याच लँकेशायरचे साचे नि माग बोटीत बसून मुंबईला आले आणि त्यांच्याभोवती परळ-लालबाग उभं राहिलं. त्यामुळं कोकटाऊन आपल्याला परकं नाही. लांबचं चुलतघर आहे.

गोष्ट थोडक्यात अशी. ग्रॅडग्राइंड नावाचा एक शाळाचालक, पुढं पार्लमेंटात गेलेला. त्याला जगात फक्त 'फॅक्ट्स' पाहिजेत. आकडे, व्याख्या, मोजमाप. बाकी सगळं फालतू. त्याचा मित्र बाउंडरबी, गिरणीमालक आणि बँकवाला. त्यांच्यासमोर स्टीफन ब्लॅकपूल, यंत्रमागावरचा विणकर, वय चाळीस, पण दिसतो म्हातारा. मालक त्याला हाकलतो, सोबती वाळीत टाकतात, चोरीचा आळ येतो आणि शेवटी एका पडक्या खाणीच्या खड्ड्यात कोसळून तो मरतो. असल्या गोष्टी आपण पाळण्यात ऐकलेल्या आहेत. गोष्टीसाठी कुणी डिकन्स वाचायची गरज नाही. वाचायचा तो वाक्यासाठी.

मला हे पुस्तक रद्दीच्या दुकानात मिळालं. इंग्रजी मला कुणी शिकवलेलं नाही. रातपाळी सुटली की डोळ्यांतली रुई धुवायची, डिक्शनरी मांडीवर घ्यायची आणि बसायचं. एकेका पानाला एकेक दिवस गेलेला आहे. पण असं वाचण्याचा एक फायदा असतो. भरभर वाचणाऱ्याला गोष्ट मिळते, अडखळत वाचणाऱ्याला वाक्य मिळतं. कुठला शब्द कुठं बसवलाय, कुठला पुन्हा आलाय, कुठं मुद्दाम थांबलाय, हे ठेच लागल्याशिवाय कळत नाही.

पाचव्या प्रकरणात डिकन्स कोकटाऊन दाखवतो. विटांचा रंग सांगताना आधी तांबडा म्हणतो आणि लगेच स्वतःला कापतो, धुरानं तो रंग शिल्लक ठेवला असेल तर ना. मग चिमण्यांतून निघणारे धुराचे साप. काळा कालवा. रंगाच्या पाण्यानं जांभळी झालेली, घाण मारणारी नदी. आणि मग एक लांबलचक वाक्य येतं. रस्ते एकमेकांसारखे, माणसं एकमेकांसारखी, जाण्यायेण्याची वेळ तीच, पायांचा आवाज तोच, काम तेच, काल आणि उद्या यांत फरक नाही. 'तेच', 'सारखं' हे शब्द त्यात इतक्यांदा येतात की शाळेतला मास्तर समासात तांबड्या शाईनं 'पुनरुक्ती' असं लिहील. आता ते वाक्य मोठ्यानं वाचा. साचा चालू होतो. ज्यानं आठ तास रिंगफ्रेमपुढं येरझाऱ्या घातल्यात त्याला हे वाक्य पायांनी समजतं. कंटाळा आला, असं डिकन्स कुठंही लिहीत नाही. तो वाक्यालाच पाळीवर लावतो.

याच प्रकरणात वाफेच्या इंजिनाचा दांडा येतो. वर-खाली, वर-खाली. त्याला उपमा काय द्यावी? आपल्यातला एखादा नवशिका कवी 'राक्षस' म्हणून मोकळा झाला असता. मीही पूर्वी तेच लिहिलं असतं. डिकन्सला दिसतो हत्ती. दुःखानं वेडा झालेला हत्ती, त्याचं डोकं तसं हलत असतं. साखळीला बांधलेला हत्ती तुम्ही सर्कशीत नाहीतर देवळापुढं बघितला असेल. जागच्या जागी डोकं हलवत राहतो. त्याला कुठं जायचं नसतं, कुठं जाताही येत नाही. लोखंडात हे दुःख बघणारा माणूस यंत्राला शिव्या घालत नाही. यंत्रही इथं बांधलेलंच आहे, हे त्याला दिसलेलं आहे. मग बांधणारा कोण, हा प्रश्न वाचणाऱ्याच्या डोक्यात आपोआप उभा राहतो. तो प्रश्न डिकन्सनं लिहिलेला नाही. पेरलेला आहे.

आणि खरी करामत पुढं आहे. पहिल्यांदा ती उपमा होती : दांडा हत्तीच्या डोक्यासारखा हलतो. काही प्रकरणांनंतर 'सारखा' गळून पडतो. सकाळी तेलपाणी होऊन, घासूनपुसून वेडे हत्तीच कामाला लागतात. उन्हाळा असो, थंडी असो, हत्तींचं वेड कमीही होत नाही नि वाढतही नाही. उपमा होती तिचं नाव झालं. आता कोकटाऊनमध्ये यंत्रं उरलीच नाहीत, हत्तीच आहेत.

दुसरा असाच शब्द 'परीमहाल'. रात्री गिरण्यांच्या खिडक्यांत दिवे लागले की गिरण्या परीमहालासारख्या दिसतात. हे कोण म्हणतं? एक्स्प्रेस गाडीतून जाणारे प्रवासी म्हणतात, असं डिकन्स शेपटीला जोडतो. एवढीशी शेपटी, पण तिच्यात एक अख्खा वर्ग पकडलाय. जो थांबत नाही, उतरत नाही, काचेच्या आतून बघतो आणि 'किती सुंदर' म्हणून पुढं जातो. आपल्या वस्तीकडं असं बघणारे पुष्कळ आहेत. आपल्या कवितेकडंही आहेत. बरं, पुढच्या खेपेला डिकन्स ती शेपटीसुद्धा काढून टाकतो. पहाटे अंधारात परीमहाल उजळले, असं सरळ लिहितो. प्रवाशांचा शब्द तसाच ठेवला, पण तोवर आपण महालाच्या आत जाऊन आलेलो असतो. त्यामुळं शब्द तोच आणि अर्थ उलटा. थुंकी जिथून आली तिथंच परत.

दोस्तांनो, माझ्या मते हा या गद्याचा प्राण आहे. मालकाचा शब्द घ्यायचा. त्याला विरोध करायचा नाही, त्याच्यावर भाषण ठोकायचं नाही. तो पुन्हा वापरायचा, पुन्हा वापरायचा. सहाणेवर घासल्यासारखा घासत राहायचा. शेवटी तो मालकालाच कापतो.

गिरणीमालकांच्या रडगाण्याचं त्यानं असंच केलंय. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला तो मालकांची बाजू घेतल्याचं सोंग करतो. हे बिचारे किती नाजूक! पोरांना शाळेत पाठवा म्हटलं की हे बुडाले. तपासायला इन्स्पेक्टर नेमले की बुडाले. यंत्रात माणसांचे तुकडे करणं कितपत बरोबर, अशी शंका इन्स्पेक्टरनं काढली की पुन्हा बुडाले. धूर जरा कमी सोडा म्हटलं, झालं, पार रसातळाला. आणि प्रत्येक वेळी धमकी एकच : आमची सगळी मालमत्ता समुद्रात फेकून देऊ. पण मालक असे देशभक्त की आजवर कुणी काही फेकलेलं नाही, उलट मालमत्ता वाढतच गेली. या सगळ्या परिच्छेदात डिकन्सचा आवाज एकदाही चढत नाही. 'बुडाले' या एका शब्दावर तो सगळ्यांना बुडवतो. सवलतीचा विषय निघाला की 'गुणवत्ता बुडाली' म्हणून ओरडणाऱ्यांवर असा एक परिच्छेद मराठीत कुणीतरी लिहिला पाहिजे. शिव्या देणं सोपं आहे, आणि काही वेळा गरजेचंही आहे. पण शिवी एकदा दिली की संपते. हे असं वाक्य वर्षानुवर्षं बोचत राहतं.

आता ज्या शब्दासाठी मी हे लिहायला घेतलं त्याच्याकडं येतो. 'हँड्स'.

इंग्रजीत गिरणी-कामगाराला 'हँड' म्हणत. हात. अमक्या गिरणीत इतके हात. डिकन्स हा शब्द घेतो आणि त्याचं पहिलं अक्षर मोठं करतो, जसं जातीचं किंवा देशाचं नाव लिहितात तसं. म्हंजे ही एक वेगळी जमातच झाली. आणि मग अगदी शांतपणे म्हणतो की देवानं या लोकांना फक्त हात दिले असते, किंवा समुद्रकाठच्या हलक्या जीवांसारखे हात आणि पोट एवढंच दिलं असतं, तर काही मंडळींना ते जास्त आवडले असते. हात कामाला लागतात. पोट असतं म्हणून हात कामावर येतात. बाकीचा माणूस ही अडचण. डोकं नको, काळीज नको, घर नको.

हा शब्द १८५४ मध्ये मेला असं कुणी समजू नये. गिरणगावात त्याला 'बदली' म्हणत. दुसरा माणूस आला नाही म्हणून ज्याला उभं केलं तो बदली. वर्षानुवर्षं बदलीच. माझ्या खात्यात सुपरवायझर ठेकेदाराला फोन करतो, उद्या बारा मॅनपॉवर पाठव. बारा माणसं पाठव, असं तो कधी म्हणत नाही. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा मला कोकटाऊनचा भोंगा ऐकू आला.

पण डिकन्सचं पोटावर येऊन थांबतं. त्याच्या देशात तेवढं पुरेसं होतं. आपल्या देशात गिरणीमालकाला आणि सोबतच्या कामगाराला आणखी एका अवयवाची अडचण झाली. तोंडाची.

जुन्या मागावर धोट्यातली कांडी संपली की नवी घालायची आणि तिच्या धाग्याचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यायचं. लँकेशायरमध्येही हीच पद्धत होती. तिथं तिला 'धोट्याचा मुका घेणं' असं नाव पडलेलं. एकाच्या तोंडाला लागलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागायचा, त्यातून रोग पसरायची भीती, म्हणून तिथं पुढं तिच्यावर आरडाओरड झाली आणि १९५२ मध्ये ती बंद झाली. तिथं प्रश्न थुंकीतल्या रोगाचा होता. मुंबईत तोच धोटा, तेच भोक, तीच थुंकी, पण प्रश्न विटाळाचा झाला. अस्पृश्याची थुंकी धाग्याला लागणार म्हणून साळखात्यात त्याला घेत नसत. साळखात्यात मजुरी जास्त. आपली माणसं त्रासनखात्यात, कमी मजुरीवर. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढं रेटला, तेव्हा कुठं संपाच्या मागण्यांत त्याला जागा मिळाली, तीही नाखुशीनं. लाल बावटा खांद्यावर होता, पण धोटा उष्टा होईल ही भीती डोक्यातून गेलेली नव्हती.

म्हंजे बघा. कोकटाऊनच्या मालकाला फक्त हात आणि पोट असलेला कामगार पाहिजे होता. मुंबईच्या साळखात्याला असा महार पाहिजे होता ज्याला तोंडच नाही. पुरुषसूक्तात तोंडातून ब्राह्मण निघाला आणि पायांतून शूद्र. आपण त्या देहात कुठंच नाही. ज्याला त्यांच्या पुराणात अवयवच मिळाला नाही, त्याच्या थुंकीला मात्र एवढी ताकद की शंभर वार कापड बाटवून टाकील!

हे डिकन्सला माहीत असायचं कारण नाही. पण त्याच्याही कादंबरीत तोंडाशी येऊन काहीतरी अडतं, आणि ते बघितल्याशिवाय त्याचं गद्य पुरतं बघितलं असं होणार नाही.

स्टीफन बोलतो ते लँकेशायरच्या बोलीत. डिकन्सनं त्याचे उच्चार जसेच्या तसे लिहायची खटपट केलीय. अक्षरं गाळलीत, स्वर वाकवलेत. वाचताना डिक्शनरी हात टेकते. मी मात्र तिथं कमी अडलो, कारण आपली आजी जशी अक्षरं खाते तशीच ती खाल्लेली आहेत. त्या बोलीत स्टीफनचं एक पालुपद आहे : सगळा गुंता आहे. मालकासमोर उभा राहून तो म्हणतो की गुंता आहे, पण सोडवायचा कसा ते मला सांगता येत नाही, ते मोठ्या माणसांचं काम. आणि इथं मी पुस्तक खाली ठेवलं. ज्या लेखकानं हत्ती बघितला, परीमहालाची शेपटी पकडली, 'बुडाले' या शब्दावर मालक बुडवले, त्यानं ती अक्कल सगळी निवेदकाकडं ठेवून घेतलीय. विणकराला दिलंय फक्त पालुपद. निवेदक शुद्ध भाषेत चाबूक ओढतो, विणकर अवतरणचिन्हांच्या आत उभा राहून हात जोडतो.

संपाचंही तसंच. १८५३-५४ मध्ये प्रेस्टन गावात गिरणीमालकांनी टाळी लावली होती. कामगारांची मागणी दहा टक्के वाढीची. १८५४ च्या जानेवारीअखेर डिकन्स स्वतः तिथं गेला, सभेत बसला आणि ११ फेब्रुवारीला आपल्या साप्ताहिकात त्यानं त्यावर लेख लिहिला. त्या लेखातले कामगार शिस्तीचे, शांत, हिशोबाला चोख आहेत. एक बाहेरून आलेला फुगीर भाषणबाज सभेत उठतो आणि कामगारांचाच अध्यक्ष त्याला गप्प बसवतो. काही महिन्यांनी कादंबरीत काय येतं? तो भाषणबाज येतो, स्लॅकब्रिज हे नाव घेऊन. अध्यक्ष इथंही त्याला खाली बसायला सांगतो, पण ते घटकाभरच. डोळ्यांनी बघितलेलं त्यानं लेखात ठेवलं, आणि त्याच्या मध्यमवर्गीय वाचकाला झोप लागेल तेवढंच कादंबरीत आणलं. गद्यही तिथं पडतं. हत्तीसारखी एक उपमा त्या पानांत सापडत नाही, नुसती विशेषणांची रास. विशेषणं वाढली की समजायचं, लेखकाला काहीतरी लपवायचंय.

आणखी एक गोष्ट त्यानं कापली. रेचलच्या धाकट्या बहिणीचा हात यंत्रात सापडून तुटतो, असा मजकूर त्यानं लिहिला होता. छापताना प्रुफातून काढून टाकला. त्याच वसंतात, २२ एप्रिल १८५४ ला, त्याच्याच साप्ताहिकात यंत्रातल्या अपघातांवर हेन्री मॉर्लीचा खणखणीत लेख छापून आला होता. म्हंजे बातमीत हात तुटलेला चालला, कादंबरीत नको झाला. 'हात' नाव ठेवलेल्या लोकांची ही कादंबरी, आणि तिच्यातला तुटलेला हातच गायब! त्यामुळं स्टीफननं रेचलला दिलेलं वचन नेमकं का, हे पुस्तकात नीट उलगडत नाही. गाळलेल्या ओळीची जागा रिकामी राहते. ती अशीच दिसत राहते, कपड्याला कोपरापाशी पडलेल्या भोकासारखी.

पण त्याच वचनामुळं एक परिच्छेद जन्मला आणि तो मी कधी विसरणार नाही. स्टीफन संघटनेत येत नाही म्हणून सोबती त्याच्याशी बोलणं टाकतात. त्याला वाळीत टाकतात. डिकन्स म्हणतो की परक्या मुलखात दहा हजार अनोळखी तोंडांत एखादी ओळखीची नजर शोधणारा माणूस एकटा खराच. पण काल जी तोंडं दोस्तांची होती अशी दहा तोंडं रोज फिरवली जाताना ज्याला बघावी लागतात, त्याच्यापुढं तो परका म्हंजे सुखी. स्टीफनचे पहिलेच चार दिवस इतके जड जातात की पुढच्या दिवसांच्या विचारानं तो घाबरून जातो. चार दिवस! १९२७ मध्ये बाबासाहेबांनी पाक्षिक काढलं त्याचं नावच 'बहिष्कृत भारत'. आपल्या आज्या-पणज्यांनी फिरवलेली तोंडं बघण्यातच जन्म काढले. तरी हा परिच्छेद वाचताना मला हसू आलं नाही. चार दिवसांचा बहिष्कार एवढ्या बारकाईनं लिहिता येतो, तर हजारो वर्षांचा लिहायला आपल्याला किती बारीक डोळा लागेल, हेच मनात आलं.

डिकन्सला हे कळलं कुठून? बारा वर्षांचा असताना, १८२४ मध्ये, बाप कर्जापायी तुरुंगात आणि पोरगा बुटाच्या पॉलिशच्या कारखान्यात बरण्यांना लेबलं चिकटवायला. तोही एक हातच होता. ही गोष्ट त्यानं जन्मभर लपवली. ती लोकांना कळली त्याच्या मृत्यूनंतर, मित्रानं लिहिलेल्या चरित्रातून. आणि त्याच्या कादंबरीतला बाउंडरबी उलटं करतो. चांगल्या आईनं वाढवलेला असून 'मी गटारातून वर आलो' अशी खोटी फुशारकी मारत फिरतो. खरं गटार लपवणाऱ्या लेखकानं खोटं गटार मिरवणारा मालक रंगवला. बाबूराव बागुलांनी 'जेव्हा मी जात चोरली होती' हे नाव पुस्तकाला दिलं ते १९६३ मध्ये. लपवण्याची ती आग आपण ओळखतो. फरक एवढाच की बागुलांनी ती चोरी स्वतःच चव्हाट्यावर मांडली. डिकन्सला ते झेपलं नाही.

आणि देव तर तो नव्हेच. कोकटाऊनच्या काळ्या-तांबड्या विटा त्याला रंग फासलेल्या रानटी माणसाच्या तोंडासारख्या दिसतात. ४ ऑक्टोबर १८५७ ला, इकडं बंड चालू असताना, अँजेला बर्डेट-कूट्स या बाईंना लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की मी हिंदुस्थानात सरसेनापती असतो तर ही जातच पुसून टाकायला कमी केलं नसतं. कोकटाऊनच्या विणकरासाठी रडणारा हाच माणूस. दोन्ही गोष्टी एकाच हातानं लिहिलेल्या आहेत. भक्तीचा धोका बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत सांगून ठेवलाय. तो राजकारणापुरता होता असं समजू नका, साहित्यातही लागू करा. डिकन्सकडून धार घ्यायची, पाय धरायचे नाहीत.

उलट बाजूनं त्याला शिव्या कुणी घातल्या तेही बघा. लॉर्ड मेकॉले, ज्याचा १८३५ चा शिक्षणाचा खलिता आपण ऐकून आहोत, त्यानं १८५४ च्या रोजनिशीत या पुस्तकाबद्दल लिहिलं की एक जागा काळजाला भिडणारी, बाकी सगळा कुढा समाजवाद. मेकॉलेला जे बोचलं ते बोचरंच असणार.

शाळेचा प्रसंग शेवटी ठेवलाय, कारण आपल्या पोरांनी तो वाचलाच पाहिजे. सिसी ज्यूप ही सर्कशीतल्या घोडेवाल्याची पोर. वर्गात तिला नाव नाही, 'मुलगी नंबर वीस'. घोड्याची व्याख्या सांग म्हटल्यावर ती गप्प. जन्मल्यापासून घोड्यांत वाढलेली पोर घोड्याबद्दल नापास होते. मग बिट्झर नावाचा पोरगा उठतो आणि घोड्याचे पाय, चारा, दात पाठ म्हणून दाखवतो. आता तुला घोडा कळला, असं सिसीला सांगण्यात येतं. त्याच वेळी खिडकीतून एक उन्हाची तिरीप दोघांवर पडलेली असते. त्या उन्हानं सिसीचे केस-डोळे आणखी गडद दिसतात, आणि बिट्झरचा होता तो रंगही उडून जातो. डिकन्स निकाल देत नाही. ऊन देतं.

कातडं सोलणारा, कमावणारा, ढोल मढवणारा आपला बाप कातड्याच्या परीक्षेत असाच नापास झालेला आहे. सूत कातणारा मी सुतावरच्या चर्चासत्रात बोलायला उठलो तर मलाही कुणी व्याख्या विचारील. जाणणारा एक आणि जाणकार म्हणवणारा दुसरा, ही वाटणी डिकन्सनं बरोबर पकडली. पण सिसीच्या तोंडून त्यानं निवेदन करवलं नाही. ते त्याच्या काळाला सुचणं कठीण होतं.

ते काम आपल्याकडं झालं. 'गोलपिठा' १९७२ मध्ये आला, 'बलुतं' १९७८ मध्ये. शांताबाई कांबळ्यांचं 'माज्या जल्माची चित्तरकथा' १९८६ मध्ये. त्या नावातच बघा. 'माज्या जल्माची'. अवतरणचिन्हं नाहीत, तळटीप नाही, शुद्ध भाषेत माफी नाही. जी बोली स्टीफनला चिन्हांच्या पिंजऱ्यात बोलावी लागली तीच इथं पुस्तकाच्या कपाळावर जाऊन बसली. सिसीनं स्वतः घोड्याची गोष्ट सांगितली.

मग डिकन्सकडून शिकायचं काय उरलं? पुष्कळ. तोंड आपण मिळवलं. पण नुसतं तोंड मिळवून भागत नाही, त्यातून निघणारा धागा अखंड पाहिजे. आपल्या बऱ्याच गद्यात, आणि मी हे दोस्त म्हणून बोलतोय, पहिल्या ओळीलाच आवाज टिपेला जातो. दहाव्या ओळीपर्यंत वाचणारा बहिरा होतो. धीर धरून एक शब्द शेवटपर्यंत घासत नेणं आपल्याला जमवलं पाहिजे. 'गुणवत्ता', 'समरसता', 'मुख्य प्रवाह', 'मॅनपॉवर'. एकेक शब्द उचला आणि घासा. मालकाच्या तोंडचा शब्द मालकाकडं परत पाठवा, पण धार लावून.

आणि काम पडलेलं आहे. मरताना स्टीफन त्या पडक्या खाणीचा हिशोब मांडतो, की चालू होती तेव्हाही ती माणसं मारायची आणि बंद पडल्यावरही मारते. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत संप सुरू झाला, तो कधी रीतसर मागं घेतलाच गेला नाही. मग गिरण्या एकेक करून बंद पडल्या. चिमण्यांच्या जागी काचेचे टॉवर आले. रात्री त्यांच्यात दिवे लागतात आणि उड्डाणपुलावरून गाडीनं जाणाऱ्याला ते नक्कीच परीमहाल वाटत असणार. त्या महालांत झाडू मारायला, गटार उपसायला, लिफ्टपाशी उभं राहायला जी 'मॅनपॉवर' जाते ती कुठल्या वस्तीतून जाते, हे तुम्हाला मला सांगायला नको. त्यांचं कोकटाऊन अजून कुणी लिहिलेलं नाही. हात आहेत, पोट आहे, तोंडही आता आपलं आहे. तेव्हा पुढच्या अंकासाठी भाषणं पाठवू नका, तुमचं खातं लिहून पाठवा. तिथल्या यंत्राचं डोकं कसं हलतं ते बघा आणि लिहा.

जय भीम.